पीककर्जाला सातबारा चालतो, पोराच्या परदेशातल्या शिक्षणाला का चालत नाही?

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. खामगाव तालुक्यातल्या एका गावात सोयाबीनच्या उगवणक्षमतेचं प्रात्यक्षिक होतं. गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, ओलं करून गुंडाळी करायची, किती उगवले ते मोजायचं. काम आटोपलं, चहा झाला, मंडळी पांगली. एक शेतकरी मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन पारावर बसून राहिले. मला वाटलं, पीकविम्याचं काही असेल. पिशवीतून निघाला नऊ एकरांचा सातबारा, आठ-अ, आणि त्याखाली जर्मनीतल्या एका विद्यापीठाचं प्रवेशपत्र.

पोरगा कृषी पदवीधर. पदव्युत्तर शिक्षणासाठी नंबर लागला होता. बँकेने शेतजमीन तारण घेत नाही असं सांगून परत पाठवलं होतं. "साहेब," ते म्हणाले, "पीककर्जाले सातबारा चालते, मंग पोराच्या शिक्षनाले काहून नाही चालत? जमीन तं तेच हाये ना?" दोन एकर विकायचा विचार पक्का होत आला होता, गिऱ्हाईकही तयार होतं.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी धड देता आलं नाही. नंतर बँकेतल्या ओळखीच्या माणसांकडून समजून घेतलं. हल्ली घाटाखाली काय आणि घाटावर काय, दर चार-दोन गावांत असा एखादा पोरगा किंवा पोरगी निघते, म्हणून ते इथे लिहितो.

पीककर्ज हे जमिनीच्या उत्पन्नातूनच फिटायचं असतं. ई-करार होतो, सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढतो, बँकेचं भागतं. शिक्षणाचं कर्ज मोठं, दहा-पंधरा वर्षं चालणारं. ते थकलं तर बँकेला तारण विकून पैसे काढायचे असतात. त्यासाठी २००२ चा सरफेसी नावाचा कायदा आहे. त्याने बँकेला कोर्टात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन लिलाव करता येतो. पण त्याच कायद्याच्या ३१ व्या कलमात शेतजमीन वगळली आहे. सावकाराच्या आणि बँकेच्या हातून शेतकऱ्याची जमीन सहज जाऊ नये, म्हणून दिलेलं हे संरक्षण आहे. आपलं कवच आहे ते, पण पोराच्या शिक्षणाच्या वेळी तेच आडवं येतं. वीस लाखांच्या पुढची बोली निघाली की बँक अकृषक प्लॉट, शहरातलं घर, मुदतठेव किंवा विमा पॉलिसी मागते. नऊ एकर काळी कसदार जमीन असलेला माणूस तिथे बिनतारणाचा ठरतो.

मात्र सगळ्याच कर्जाला तारण लागत नाही, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. शैक्षणिक कर्जाचा नमुना इंडियन बँक्स असोसिएशनने तयार केला आणि २००१ साली रिझर्व्ह बँकेने तो सर्व बँकांना धाडला. आज त्याचा सांगाडा असा: चार लाखांपर्यंत तारण नाही. चार ते साडेसात लाखांपर्यंत आईबापांच्या सहीबरोबर तिऱ्हाईत जामीन पुरतो. साडेसात लाखांच्या वर मालमत्तेचं तारण. परदेशी शिक्षणाला चार लाखांवर कर्ज असेल तर एकूण खर्चाच्या १५ टक्के रक्कम आपण घालायची. हप्ता शिक्षण संपल्यावर साधारण एक वर्षाने सुरू होतो, तोवर सरळ व्याज मोजलं जातं. शिक्षण चालू असताना व्याज भरत गेलात तर दरात एक टक्का सूट देण्याची तरतूदही त्यात आहे. शाखेत विचारल्याशिवाय ती कोणी सांगत नाही.

आता त्या पोराच्या खर्चाचा हिशेब मांडला. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात परदेशी मुलांना सत्राला १,५०० युरो आहे, तेवढं पाहून घ्यावं). खर्च असतो तो राहण्याखाण्याचा. त्यासाठी व्हिसाच्या आधी एका बंद खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरून दाखवावे लागतात. तिथे गेल्यावर पोराला त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात. युरोला शंभर रुपये धरले तरी झाले बारा लाख. हे एका वर्षाचं. दुसऱ्या वर्षी मुलं अर्धवेळ काम करून बरंचसं भागवतात, पण त्याची हमी कोणी देऊ नये.

म्हणजे साडेसात लाख बँकेचे आणि साडेचार लाख घरचे, अशी मांडणी केली तर तारणाचा प्रश्नच येत नव्हता. हे पारावर बसून कागदाच्या पाठीवर लिहून दिलं. मात्र पुढची अडचण निराळीच निघाली. शिक्षणाच्या कर्जात बाप सहकर्जदार असतो आणि बँक आधी त्याची पत तपासते. यांचं एक लाख चाळीस हजारांचं पीककर्ज दोन वर्षं थकलेलं, का, तर कर्जमाफी होईल म्हणून. आपल्या जिल्ह्यात हे घरोघरी आहे. २०१७ ला माफी झाली, २०१९ च्या शेवटी महात्मा फुले योजना आली, तेव्हापासून थांबून राहण्याची सवय जडली. माफीचं काय व्हायचं ते होवो, पण ज्याचं पोरगं दहावी-बारावीत हुशार दिसतंय त्याने आपलं खातं थकू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वेळेत भरणाऱ्याला डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्याने पडतं. थकल्यावर ती सवलतही जाते आणि पतही.

योगायोग पाहा, ज्यांच्या नावाने ही व्याज सवलत आहे ते भाऊसाहेब पंजाबराव शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, शेतकऱ्याच्या घरातले. १९२० साली विलायतेला गेले आणि बॅरिस्टर होऊन, डॉक्टरेट घेऊन परतले. त्याच साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरही अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला दुसऱ्यांदा लंडनला निघाले. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना अमेरिकेसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. तीही फुकट नव्हती, परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. दुसऱ्या खेपेला पदरची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज, असे पैसे उभे राहिले. सयाजीराव स्वतः नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक गेलेले. परदेशी शिकायला लागणारा पैसा तेव्हाही असाच चार ठिकाणांहून गोळा करावा लागे.

सरकारी मदतीबद्दल गावात दोन टोकाच्या समजुती आहेत. कोणी म्हणतो सरकार सगळं देतं, कोणी म्हणतो काहीच देत नाही. खरं असं की शिष्यवृत्त्या आहेत, पण जागा मोजक्या. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती साऱ्या राज्यात वर्षाला ७५ जणांना. मराठा, कुणबी समाजासाठी सारथी संस्थेची सयाजीराव महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती, तीही ७५. इतर मागासवर्ग आणि आदिवासी विभागाच्या योजना वेगळ्या आहेत. आपल्याकडे कुणबी दाखला असलेल्यांनी ओबीसी आणि सारथी दोन्हींकडच्या जाहिराती पाहाव्यात, लाभ मात्र एकीकडचाच. घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत लागतं आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वरचं असावं लागतं.

शिष्यवृत्ती हुकली तर व्याजाची मदत आहे. राज्याचं इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळ परदेशी शिक्षणाच्या २० लाखांपर्यंतच्या बँक कर्जावर व्याज परतावा देतं, जास्तीत जास्त १२ टक्के दराने, पाच वर्षांपर्यंत. परतावा म्हणजे आधी आपण भरायचं, मग मिळायचं. हप्ता चुकला तर परतावाही चुकला. अल्पसंख्याक समाजासाठी राष्ट्रीय महामंडळाचं परदेशी शिक्षणाला ३० लाखांपर्यंतचं कर्ज मौलाना आझाद महामंडळामार्फत मिळतं. 'पढो परदेश' नावाची केंद्राची व्याज योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे, तिची जुनी कात्रणं घेऊन चकरा मारू नयेत. २०२४ ची पीएम विद्यालक्ष्मी योजनाही भारतातल्या ठरावीक संस्थांसाठीच आहे, परदेशासाठी नाही. विद्यालक्ष्मी नावाचं २०१५ चं पोर्टल वेगळं. त्यावरून बँकांकडे अर्ज करता येतो.

ज्यांना मोठं कर्ज काढायचंच आहे त्यांनी एक आकडा समोर ठेवावा. वीस लाख एकदम उचलले, साडेदहा टक्के व्याज धरलं आणि तीन वर्षं काहीच भरलं नाही, तर देणं होतं २६ लाख ३० हजार. ते दहा वर्षांत फेडायचं तर महिना साधारण साडेपस्तीस हजार, वर्षाला सव्वाचार लाखांच्या वर. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये. म्हणजे वर्षाला ८० क्विंटल. एकरी आठ क्विंटल धरले तर दहा एकरांचं सगळं पीक, तेही बियाणं, खत, फवारणी, मजुरी काही न वजा करता, आणि बाजारात हमीभाव मिळाला तर. पोराला तिथे नोकरी लागली तर हे ओझं वाटत नाही. नाही लागली तर मग काय, हे जाण्याआधी घरात बसून बोलून घ्यावं.

डॉक्टरकीसाठी बाहेर पाठवणाऱ्यांनी तर जास्तच. एजंट फीचा आकडा सांगतो, परत आल्यावरच्या परीक्षेचं सांगत नाही. नीट पास असल्याशिवाय जाता येत नाही, आणि परदेशी पदवी घेऊन आल्यावर इथे वैद्यकीय व्यवसाय करायचा तर तीनशे गुणांची परीक्षा, त्यात दीडशे लागतात. दर वेळी बसणाऱ्यांतले फार थोडे पार होतात. बँकेचा हप्ता मात्र निकालाची वाट पाहत नाही.

ग्रामपंचायत आणि महसुलाच्या मंडळींनाही एक सांगायचं आहे. बँक घर तारण घेते म्हटल्यावर शेतकरी नमुना आठ काढून नेतो. तो कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे, बँक तो परत करते. गावठाणातल्या घराला मालकीचा कागद म्हणजे मिळकत पत्रिका. २०२० च्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली गेली, सनदा तयार झाल्या. ज्या गावात त्या वाटायच्या राहिल्या असतील तिथे ग्रामसभेत विषय घ्यावा. उत्पन्नाचा आणि नॉन क्रिमीलेअरचा दाखला प्रवेशपत्र आल्यावर काढायला धावू नये, तो आधीच असावा. विद्यापीठाची मुदत आपल्या पेरणीच्या घाईसाठी थांबत नाही.

त्या शेतकऱ्याने दोन एकर विकले नाहीत. घरात साठवलेलं सोयाबीन विकून पीककर्ज भरलं. जिल्हा परिषदेत शिक्षक असलेला साडभाऊ जामीन झाला. दोन लाख मेहुण्याने दिले, एक लाख सोनं ठेवून, दीड लाख घरचे. दुसऱ्या एका शाखेने साडेसात लाख मंजूर केले. विमानाच्या तिकिटासाठी बैलजोडी गेली, तशीही ट्रॅक्टर आल्यापासून ती गोठ्यातच होती. पोरगा सप्टेंबरच्या शेवटी गेला.

परवा तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फोन आला होता. फवारणीचं बोलून झाल्यावर म्हणाले, व्याज महिन्याचं महिन्याला भरतो, सव्वासहा हजार, दोन म्हशीच्या दुधातून निघते. एक टक्का सुटीचा अर्ज दिला आहे. घराच्या सनदीसाठी दोन खेपा झाल्या, ती अजून हाती आलेली नाही.