फडावरच्या माणसाची एचआयव्ही चाचणी : समज काय, खरं काय

दिवाळीच्या आसपास बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत तिकडेच असतात. त्यांच्या एचआयव्ही चाचणीचा विषय निघाला की काही वाक्यं हमखास कानावर येतात.

‘हे लोकच बेफिकीर. फुकट असूनही तपासायला येत नाहीत.’ सगळ्यात जास्त नुकसान या समजानं केलं आहे, कारण तो सुशिक्षितांचा आहे. अंधारातच उसाचा फड गाठायचा, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि गाडी येईल तेव्हा ती भरायची, मग रात्र का होईना. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकाचा खाडा झाला तरी कोयता मोडतो, मजुरी बुडते, वर दंड हिशेबातून कापला जातो. डोक्यावर मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेली उचल असतेच. सरकारी केंद्र नेमकं या कामाच्या वेळेत उघडं असतं आणि ते बहुधा तालुक्याच्या रुग्णालयात असतं. म्हणजे फुकटच्या चाचणीची किंमत एक दिवसाची मजुरी, दंड आणि गाडीभाडं. ती ज्याला परवडत नाही त्याला बेफिकीर म्हणणं अन्याय आहे. तपासणीचं पथक संध्याकाळी कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांवर, आलं, तर हा खर्चच उरत नाही. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन यांच्याच जोडीला एचआयव्हीची तपासणी ठेवली, तर कोण कशासाठी आलं हे शेजारच्या कोपीला कळत नाही. लाज मोडण्यासाठी मला भाषणापेक्षा हा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो.

‘रिपोर्ट मुकादमाला कळणार, पुढच्या साली उचल मिळणार नाही.’ ही भीती खोटी नाही, पण कायदा कामगाराच्या बाजूनं आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार समजावून सांगून घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, कामावर घेण्यासाठी ती सक्तीची करता येत नाही आणि निकाल मालकाला किंवा मुकादमाला परस्पर सांगता येत नाही. न्यायालयाचा आदेश किंवा जोडीदाराला असलेला धोका, असे मोजके अपवाद कायद्यातच दिले आहेत. शिबिरात मुकादम टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसला असेल तर मात्र कायदा कागदावरच राहतो. त्याला तिथून उठवणं हे पथकाचं काम आहे.

‘आम्ही इथले नाही, आमची तपासणी इथे कशी होईल?’ होते. आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्र, कोणत्याही जिल्ह्यातल्या माणसाला खुलं आहे. त्यासाठी त्या गावचा रहिवासी दाखला लागत नाही.

‘पट्टीवर रेघ उमटली म्हणजे एचआयव्ही झाला.’ उपकेंद्रात किंवा शिबिरात बोटाच्या थेंबावर होते ती फक्त प्राथमिक तपासणी. तिच्यात संशय आला तर आयसीटीसीत वेगवेगळ्या तीन चाचण्या होतात आणि त्यानंतरच निदान पक्कं होतं. उलट बाजूही सांगायला हवी. लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत, चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. धोका अलीकडचा असेल तर ती पुन्हा करावी लागते. आणि अंगात काही त्रास नाही यावर विसंबू नये. विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहतो.

‘बाहेर जाणारेच रोग घेऊन येतात.’ एचआयव्ही पसरतो तो असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित सुई किंवा रक्तातून आणि आईकडून बाळाला. घर सोडल्यानं कोणालाही लागण होत नाही. असं बोट दाखवलं की माणूस लपतो. स्थलांतराचा सर्वांत मोठा तोटा होतो तो मात्र गरोदर बाईला. गरोदरपणात एचआयव्हीची तपासणी ठरलेली असते. पण ती बाई गावातून फडावर गेली, फडावरून दुसऱ्या कारखान्यावर गेली, की तिचं नाव एका आशाताईच्या वहीतून निघतं आणि दुसरीच्या वहीत चढतच नाही. वेळेत कळलं आणि औषधं सुरू झाली तर बाळाला लागण होण्याची शक्यता अगदी थोडी राहते. म्हणून निघण्याआधी गावातच तपासणी उरकावी आणि माता-बाल कार्ड सोबत ठेवावं.

‘पॉझिटिव्ह निघालो तर गोळ्यांसाठी एका गावात अडकून पडू.’ एचआयव्ही दाबून ठेवणारी एआरटी औषधं सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत आहेत. २०१७ पासून निदान होताच ती सुरू केली जातात; पूर्वीसारखी रोगप्रतिकारक (सीडी४) पेशींची संख्या घसरण्याची वाट पाहत नाहीत. बहुतेकांना रोज एकच गोळी पुरते. नियमित घेऊन विषाणू तपासणीत सापडेनासा झाला की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. केंद्र बदलता येतं. प्रकृती स्थिर असेल तर एकापेक्षा जास्त महिन्यांच्या गोळ्याही मिळू शकतात. उचल घेतली की कारखाना कोणता हे बहुधा ठरलेलं असतं. त्याच आठवड्यात एआरटी केंद्रात जाऊन ते सांगावं आणि बदलीचं पत्र मागावं. केंद्र कुठे आहे ते १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येतं.