गाडीचं अल्टर आणि दहा नंबरचा पाना

आमचं गाव नरसी नामदेव. हिंगोली जिल्ह्यातलं, कयाधू नदीच्या काठचं. संत नामदेव महाराजांचं जन्मगाव म्हणून आपण सर्वजण ते ओळखता. महाराज शिंपी कुळातले. त्याचा याच्याशी संबंध असेल किंवा नसेल, पण आमच्याकडे कुणी गाडीत काही बदल करून घेतला की 'गाडी अल्टर केली' असंच म्हणतात. शिंप्याकडून सदरा अल्टर करून आणावा, तसं. आज या अल्टरबद्दल आणि गाडीच्या निगेबद्दल चार गोष्टी सांगणार आहे. मी काही मेकॅनिक नाही. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, निवृत्त झालो आणि २००४ सालची मारुती ८०० अजून चालवतो. दोनदा पुनर्नोंदणी झालीय तिची.

संध्याकाळी चहाच्या हॉटेलासमोर आम्ही पाच-सहा गाडीवाले जमतो. एकांची जुनी जीप आहे, तिचा नंबर अजून एमएच २२ चा, म्हणजे परभणीचा. कारण १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याच्या आधीची ती गाडी. जिल्ह्याचा एमएच ३८ नंतर आला. दुसरा एक तरुण आहे, त्यानं जुनी बोलेरो घेतलीय. आणि एक मिस्त्री आहेत, ज्यांच्या हातून आमच्या सगळ्यांच्या गाड्या जातात. विषय एकच. कुणाचा ॲव्हरेज किती, कुणाचं क्लचप्लेट गेलं, कुणी कोणते टायर टाकले. घरची मंडळी म्हणतात, पोरांबद्दलसुद्धा एवढं बोलत नाहीत हे लोक!

या मंडळीत मी कसा आलो ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच शिकलो.

रात्री गाडी चालवताना मला उजेड कमी वाटायचा. म्हणून हेडलाइटचे ६० वॅटचे बल्ब काढून १०० वॅटचे बसवून घेतले. आठ दिवसांत फ्यूज उडाला. नवा टाकला, तोही उडाला. मी वायरमनला म्हणालो, "सारखा सारखा उडतोय, याचं कायमचं काहीतरी करा." त्यानं फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळून दिली. मी खूश झालो. विज्ञानाचा शिक्षक असून खूश झालो, हे कबूल करायला आज लाज वाटते.

वर्षभर काही झालं नाही. मग एका रात्री औंढ्याहून नागनाथाचं दर्शन घेऊन परतत होतो. शेजारी सौभाग्यवती, मागच्या सीटवर सहा वर्षांची नात झोपलेली. रबर जळाल्याचा वास आला. बघतो तर डॅशबोर्डखालून धूर. गाडी कडेला घेतली. लाइटचं बटण बंद केलं, तरी दिवे बंद होईनात. वायरींवरचं वेष्टण वितळून त्या एकमेकींना चिकटल्या होत्या. मागच्या दाराला चाइल्ड लॉक, म्हणजे दार आतून उघडत नाही. धावत जाऊन बाहेरून उघडलं आणि पोरीला उचलून रस्त्याच्या पलीकडे नेलं. नंतर बॉनेट उघडलं, पण बॅटरीची वायर सोडवायला गाडीत पानाच नव्हता. तेवढ्यात मागून ही एमएच २२ वाली जीप आली. त्या गृहस्थांनी काही न विचारता पिशवीतून दहा नंबरचा पाना काढला आणि टर्मिनल सोडवलं. धूर थांबला. "सर, फ्यूज कुठाय?" त्यांनी विचारलं. मी तार दाखवली. ते काहीच बोलले नाहीत. टोचन लावून आम्हाला गावापर्यंत आणलं.

आता यामागचं गणित बघा. आठवीच्या पोराला समजेल असं आहे. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. ६० वॅटचे दोन दिवे म्हणजे १२० वॅट. भागिले १२, म्हणजे १० ॲम्पिअर विजेचा प्रवाह. १०० वॅटचे दोन दिवे लावले की २०० वॅट, म्हणजे जवळजवळ १७ ॲम्पिअर. प्रवाह पावणेदोन पटीच्या आत वाढला, पण तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ती झाली जवळपास पावणेतीन पट. तार मात्र तीच, कंपनीनं १० ॲम्पिअरच्या हिशेबानं घातलेली. फ्यूज उडत होता तो बिघाड नव्हता. तो मला ओरडून सांगत होता. मी त्याचं तोंड बांधून टाकलं.

म्हणून जादा दिवे, मोठा हॉर्न, स्पीकरचा ॲम्प्लिफायर असं काहीही बसवायचं असेल, तर त्याला बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र फ्यूज आणि रिले हवा. रिले म्हणजे छोट्या बटणानं मोठा प्रवाह चालू-बंद करणारी डबी. मूळ वायर सोलून तिला जोड देणारा कारागीर असेल, तर गाडी घेऊन सरळ घरी या. आणि कधी धूर दिसलाच तर क्रम लक्षात ठेवा. गाडी थांबवा, किल्ली फिरवून बंद करा, आधी माणसं बाहेर काढा. ज्वाळा दिसत असतील तर बॉनेट उघडूच नका, हवा मिळाली की आग भडकते. नुसता धूर असेल तरच बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडवा.

आमच्या बोलेरोवाल्याला मोठे टायर टाकायची फार हौस. त्याला मी टायरवरचे आकडे वाचायला शिकवले. माझ्या गाडीवर लिहिलंय १४५/७० आर १२. म्हणजे टायरची रुंदी १४५ मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ७० टक्के आणि आतली रिम १२ इंचांची. सगळ्याची बेरीज केली की चाकाचा व्यास भरतो सुमारे ५०८ मिलिमीटर. त्याऐवजी १५५/६५ आर १३ टाकला तर व्यास होतो सुमारे ५३२. मग काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात त्रेसष्टच्या आसपास पळत असते. चाक मोठं म्हणून पिकअप मंदावतो, बेअरिंगवर भार येतो आणि ब्रेकलाही जास्त जोर लावावा लागतो. आणि वळणावर टायर मडगार्डला घासला तर पुढचं सांगायला नको. टायरवर चार आकडे आणखी असतात. समजा २३१९ असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी शाबूत दिसली तरी फार जुना टायर आतून कडक होतो, उन्हाळ्यात फुटतो. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली की टायर बदलायचाच.

आता पाण्याचं. आपल्या मराठवाड्यात बोअरचं पाणी जड. पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. मग एप्रिल-मेच्या उन्हात इंजिन तापतं, गॅस्केट जातं आणि खर्च हजारांत जातो. रेडिएटरमध्ये कूलंट घाला, आणि ते पातळ करायचं तर डिस्टिल्ड वॉटरनंच. गरम इंजिनचं झाकण कधीही उघडू नका. अर्धा तास थांबा, चहा घ्या.

जुन्या पेट्रोल गाडीवाल्यांसाठी एक नवी काळजी आहे. ६ फेब्रुवारी २०२३ ला देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची सुरुवात झाली आणि पुढे ते सर्वत्र आलं. माझी गाडी त्यासाठी घडवलेली नाही. इथेनॉल जुन्या पद्धतीचं रबर हळूहळू खातं आणि हवेतला ओलावा शोषून घेतं. म्हणून मी मिस्त्रींकडून पेट्रोलचे रबरी पाइप बदलून घेतले. दर सर्व्हिसिंगला ते हातानं दाबून बघतो, चिरा पडल्यात का. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवत नाही.

शेवटी कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ याच अल्टरबद्दल आहे. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कंपनीनं ठरवलेली आणि नोंदणीत असलेली गाडीची मूळ वैशिष्ट्यं बदलता येत नाहीत. गॅस किट बसवायचं तर मान्यताप्राप्तच, आणि त्याची नोंद आरसी बुकात हवी. रंग बदलला तरी नोंद हवी. पुढं लोखंडी बंपर गार्ड लावण्याविरुद्ध कारवाई करा, असं केंद्रीय मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं. गाडीचा पुढचा भाग धडकेत चुरगळावा म्हणूनच तसा बनवलेला असतो. तो चुरगळताना धक्का स्वतःत घेतो. गार्ड लावलं की तो धक्का सरळ आतल्या माणसाकडे जातो, आणि समोर पायी चालणारा असेल तर त्याची गत काय सांगावी! वर विमा कंपनीला न कळवता केलेले बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतात.

मग हौस करायचीच नाही का? करा की. चांगली सीट कव्हरं घाला, फक्त सीटमध्ये एअरबॅग असेल तर ती झाकली जाणार नाहीत अशी. गाणी लावा, पॉलिश करा. चांगला शिंपी सदरा अल्टर करताना आधी आत शिलाईत कापड किती ते बघतो. गाडीतही कंपनीनं तेवढीच शिलाई ठेवलेली असते. तिच्या आत काय ते करायचं.

आषाढीनंतर वद्य एकादशीला आमच्याकडे परतवारीची यात्रा भरते. रस्ता माणसांनी आणि गाड्यांनी फुलून जातो. गेल्या खेपेला, यात्रेच्या आदल्या संध्याकाळी बोलेरोवाला माझ्याकडे आला. छतावर दिव्यांची लांब पट्टी लावायची ठरवली होती त्यानं. म्हणाला, "सर, ती पट्टी राहू द्या. समोरून दिंडी येत असते, लोकांचे डोळे दिपतील. तुमच्याकडचा दहाचा पाना तेवढा दाखवा, तसा एक गाडीत ठेवतो."

मी ड्रॉवर उघडून दाखवला. जीपवाल्यांनी त्या रात्री दिलेला, तोच. परत करायला गेलो होतो, त्यांनी घेतला नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)