एंजिनाचा जीर्णोद्धार कोणी केला?

हस्तलिखित पोथीच्या शेवटी पुष्पिका असते. तीत लेखनिकाचे नाव, गाव, शक व तिथी ही बहुधा मिळतात, आणि संशोधकाचे अर्धे काम तेथेच होते. मोटारीच्या एंजिनाला अशी पुष्पिका नसते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोणीतरी ते संपूर्ण उकलले, झिजलेले भाग घासून नवे बसवले, पुन्हा जुळवले आणि गाडी धन्याच्या हवाली केली. नाव मात्र कोठेच कोरले नाही. अमेरिकेत जुन्या गाड्या प्रेमाने जतन करणाऱ्या कुटुंबांपुढे हा प्रश्न वारंवार उभा राहतो. आजोबांची गाडी नातवाकडे येते. तिचे एंजिन कधीतरी दुरुस्त झाले होते एवढेच घरात ठाऊक असते. कोणी केले व कसे केले हे सांगणारे माणूस उरलेले नसते.

हे निव्वळ कुतूहल आहे असे कोणी समजू नये. फोर्ड कंपनीची ‘मॉडेल ए’ ही गाडी घ्या. १९२७ च्या अखेरीपासून १९३१ पर्यंत अशा सुमारे ४८ लाख गाड्या निघाल्या. तिच्या चार सिलिंडरांच्या, चाळीस अश्वशक्तीच्या एंजिनात आजच्यासारखी सुटी बेअरिंगे नसत. कथील, अँटिमनी व तांबे ह्यांचा बॅबिट नावाचा मिश्रधातू वितळवून तो ब्लॉकमध्येच ओतीत, आणि निवाल्यावर कातून नेमक्या मापास आणीत. हे काम हातोटीचे. लोखंड नीट तापवले व कल्हई केले नसेल, तर ओतलेला धातू त्यास घट्ट धरत नाही; पुढे तडकून सुटतो आणि भर रस्त्यात कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. म्हणून ओतणारा हात कोणाचा, हे कळले तर एंजिन उघडावे की तसेच चालू द्यावे ह्याचा निर्णय करता येतो. उघडण्याचा खर्च लहान नसतो, आणि चांगले काम विनाकारण मोडले तर हळहळ आयुष्यभराची.

शोधाचा आरंभ क्रमांकापासून करावा. ‘मॉडेल ए’च्या ब्लॉकवर डाव्या बाजूस, पाणी आत येते त्या तोंडाच्या वर, एका सपाट जागी क्रमांक ठोकलेला असतो, आरंभी ए हे अक्षर आणि दोन्ही टोकांस चांदणी. तोच क्रमांक सांगाड्याच्या डाव्या दांड्यावरही असतो, पण तो वरच्या पेटीखाली झाकला जातो. दोन्ही जुळले तर एंजिन मूळचे असा प्रथमदर्शनी तर्क होतो. प्रथमदर्शनी म्हणण्याचे कारण असे की, कारखान्यातून बदली म्हणून येणारा ब्लॉक कोराच येई आणि त्यावर जुना क्रमांक विक्रेता आपल्या हाताने ठोकी. अंकांची ठेवण वाकडी, चांदणीचा आकार निराळा, अशा खुणांवरून जाणता माणूस हा प्रक्षेप ओळखतो. (कॅनडात तयार झालेल्या एंजिनांच्या क्रमांकास सीए ही अक्षरे असतात.)

खरी साक्ष आत आहे. सिलिंडराचा मूळ व्यास ३.८७५ इंच. मोजणीत तो ३.९३५ भरला, तर साठ हजारांश इंच कातून मोठा केला हे निश्चित झाले. पिस्टनच्या माथ्यावर ०६० असा आकडाही बहुधा सापडतो. क्रँकशाफ्टवर कनेक्टिंग रॉड बसतो तो भाग मूळचा दीड इंच, तो १.४८० असला तर वीस हजारांश घासला गेला आहे. घासणारा कारागीर पुष्कळदा हे माप शाफ्टच्या अंगावर ठोकून ठेवी, आणि क्वचित आपली आद्याक्षरेही. बॅबिटाच्या जागी सुटे शेल आढळले तर ते काम फोर्डच्या मूळ पद्धतीचे नव्हे, मागाहून कोणी केलेले, हे उघड आहे. एक अडचण मात्र ध्यानी धरावी. प्रत्येक नवे कातणे आधीच्या कातण्याची खूण पुसून टाकते. साठ हजारांश एकाच वेळी गेले की दोन खेपांस, हे लोखंड सांगत नाही.

आता काळ. १९४२ च्या फेब्रुवारीत युद्धामुळे अमेरिकेत खाजगी मोटारींचे उत्पादन थांबले व १९४५ पर्यंत नवी गाडी मिळणे दुरापास्त झाले. दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या गाड्याच लोकांनी पुन्हा पुन्हा दुरुस्त करून चालवल्या. सिअर्स रोबकसारख्या टपालाने माल विकणाऱ्या कंपन्या दुरुस्त केलेली तयार एंजिनेही विकीत. तेव्हा घरातील एंजिन गावच्या गॅरेजमध्ये बनले असे गृहीत धरू नये. ते रेल्वेने आलेलेही असू शकेल.

गॅरेजचा संशय पक्का झाला की कागद पाहावेत. पोल्क कंपनी नगरोनगरीच्या नामावळ्या छापी. त्यांत यंत्रशाळांची नावे, रस्ते व मालक वर्षवार मिळतात. स्थानिक वृत्तपत्रांतील जाहिरातींत ‘बॅबिट ओतून मिळेल’ अशा मजकुराचा शोध घ्यावा. १९५२ साली स्थापन झालेल्या मॉडेल ए रिस्टोरर्स क्लबासारख्या मंडळांतील वृद्ध सभासदांस विचारावे. आमच्या मते कागदाइतकेच, कधी अधिकच, त्यांच्या स्मरणातून निघते. कारण कोणता कारागीर कसा ठोके आणि कोठे ठोके, हे छापील नामावळीत येत नाही.

प्रश्नातील ‘कोणी’ हा शब्द एकवचनी आहे, आणि शोधकाची गफलत पुष्कळदा तेथेच होते. लहान गावात मेकॅनिक एंजिन उकली. ब्लॉक व शाफ्ट मोठ्या शहराच्या यंत्रशाळेत धाडी. तेथे एक जण घासी, दुसरा बॅबिट ओती. मग सारे परत येऊन गॅरेजमध्ये जुळवले जाई. घरात जपलेल्या पावतीवर नाव असते ते गॅरेजवाल्याचे. शाफ्टवरचा आकडा घासणाऱ्याचा. आणि जो धातू आज एंजिन तोलून धरतो, तो ओतणारा तिसराच. त्याचे नाव यंत्रशाळेच्या कामाच्या वहीत असे, आणि दुकान बंद होताना पहिली रद्दीत जाई ती तीच वही.