आज्ञावलीचे ठिगळ का बसत नाही?

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही प्रचंड दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्यांनी टिपलेले संकेत परस्परांशी जुळविण्याचे कार्य पूर्वी खास विद्युत्मंडले करीत. २०१० च्या सुमारास ते संगणकावरील आज्ञावलीकडे आले. अशा यंत्रणेत आज्ञावलीची दुरुस्ती हा निरीक्षणांच्या विश्वासार्हतेचाच प्रश्न होय.

ही दुरुस्ती पुष्कळदा 'पॅच' म्हणजे ठिगळाच्या रूपाने होते. जुना व सुधारलेला मजकूर यांतील फरक तेवढा ठिगळात नोंदलेला असतो. लॅरी वॉल यांनी १९८५ साली रचलेली 'पॅच' याच नावाची आज्ञावली तो फरक जुन्या फाईलवर चढविते. बदलाची जागा तिला ओळीच्या क्रमांकावरून आणि बदलाच्या मागेपुढे दिलेल्या, सामान्यतः तीन-तीन, ओळींवरून कळते.

या खुणा न जुळल्यास तो भाग नाकारला जाऊन वेगळ्या फाईलमध्ये ठेवला जातो. त्याची कारणे मोजकीच आहेत. ठिगळ निराळ्या आवृत्तीसाठी केलेले असते, तीच ओळ स्थानिक गरजेपोटी आधी बदललेली असते, किंवा ठिगळ पूर्वीच लावलेले असते. कधी फाईलचा मार्ग चुकतो. कधी विंडोज व लिनक्स यांतील ओळ संपविण्याची चिन्हे भिन्न असल्यामुळे डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या ओळी संगणकास वेगळ्या ठरतात.

तथापि खरा धोका नकारात नसून अर्धवट होकारात आहे. क्रमांक न जुळल्यास 'पॅच' मागेपुढे शोध घेते. तेवढ्यानेही न भागल्यास कडेची एक, मग दोन ओळी सोडून देते. या सवलतीस 'फझ' म्हणतात. मजकुरात सारखे दिसणारे दोन भाग असल्यास बदल भलत्याच जागी बसू शकतो. आज्ञावली निमूटपणे चालत राहते आणि चूक आकड्यांत उतरते. 'गिट'ची ठिगळ लावण्याची आज्ञा आपण होऊन ही सवलत देत नाही. एक भाग जुळला नाही तरी ती संपूर्ण ठिगळ नाकारते.

म्हणून प्रथम आवृत्ती व मार्ग पडताळावा, नंतर 'ड्राय रन' करून फाईल न बदलता परिणाम पाहावा. 'फझ'ची सूचना आल्यास बदल योग्य जागी बसतो की नाही हे वाचून ठरवावे. नाकारलेला भाग त्याचा हेतू समजून हाताने बसवावा. शेवटी साठविलेली तीच निरीक्षणे जुन्या व नव्या आज्ञावलीतून काढून आकडे ताडावेत. ठिगळ बसले एवढ्याने दुरुस्ती झाली, असे होत नाही.