संवाद हरवतात कुठे?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्याकडे होम थिएटरवर सिनेमा लावला, की बाबा पंधरा-वीस मिनिटांत उठून आतल्या खोलीत जायचे. "आवाज भरपूर आहे, पण कोण काय बोलतंय ते कळत नाही," ही त्यांची तक्रार. वय ऐंशीच्या पुढे. आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं, की बाबांना ऐकू येईनासं झालंय. मुलगा तर जास्त वॉटचा नवा संच घ्यायला निघाला होता.

एका रात्री आत डोकावलो, तर बाबा उशाशी रेडिओ ठेवून बातम्या ऐकत होते. आवाज अगदी बेताचा. मी चमकलो. रेडिओवरचा माणूस कळतो, मग सिनेमातला का कळू नये?

मंडळी, उत्तर समजायला आधी संच समजून घेऊ. रिसीव्हर हा संचाचा कारभारी. टीव्हीकडून किंवा प्लेअरकडून आलेला आवाज तो वेगवेगळ्या स्पीकरना वाटून देतो आणि मोठाही करतो. ५.१ संचात समोर डावा, मधला आणि उजवा असे तीन स्पीकर, श्रोत्याच्या दोन्ही बाजूंना थोडे मागे दोन सराउंड स्पीकर आणि खर्जासाठी सबवूफर. तो सबवूफर म्हणजेच शेवटचा '.१'. यातले बहुतेक सगळे संवाद एकट्या मधल्या स्पीकरमधून येतात.

मधला स्पीकर हा काही नवा शोध नव्हे. १९३३ साली बेल लॅबोरेटरीजने फिलाडेल्फियातल्या वाद्यवृंदाचं वादन तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवलं, तेव्हाही डावी, मधली आणि उजवी अशा तीन वाहिन्या होत्या. दोनच स्पीकर असले, तर कडेला बसलेल्याला सगळा आवाज जवळच्या स्पीकरमधून आल्यासारखा वाटतो. मधला स्पीकर बोलणाऱ्याला पडद्यावर धरून ठेवतो.

आमचा मधला स्पीकर कुठे होता? दिवाळीच्या साफसफाईत 'धूळ बसते' म्हणून तो टीव्हीखालच्या कपाटात, काचेच्या दाराआड गेला होता! स, श, फ, ट यांसारखी व्यंजनं नाजूक आणि उंच कंपनांची असतात. काच नेमकी तीच अडवते, आणि उतारवयात कानही आधी तीच गमावतो. म्हणजे आवाज येतो, शब्द येत नाहीत. आमच्या हे लक्षात आलं नाही, कारण आम्ही खाली उमटणारी इंग्रजी अक्षरं वाचत होतो. ती बारीक अक्षरं बाबांना दिसत नव्हती.

स्पीकर बाहेर काढला, कपाटाच्या कडेशी आणला आणि किंचित वर, कानांच्या दिशेने कलता ठेवला. रिसीव्हरच्या मेनूत प्रत्येक स्पीकरला आळीपाळीने खरखर ऐकवणारा 'टेस्ट टोन' असतो. तो लावून मधल्याचा आवाज थोडा वाढवला. खर्च शून्य.

आपल्याकडे असं काही झालं, तर आधी टेस्ट टोन लावून कोणता स्पीकर गप्प आहे ते पाहा. नंतर संच बंद करून तारा तपासा. लाल टोक लालला, काळं काळ्याला. एकाच स्पीकरची टोकं उलटी लागली, तर खर्ज पातळ होतो आणि आवाज पोकळ वाटतो. तारेचा एखादा सुटा केस शेजारच्या टोकाला टेकला, तर रिसीव्हर स्वतःला वाचवायला बंद पडतो. टीव्हीचा आवाज संचावर येत नसेल, तर एचडीएमआय केबल 'एआरसी' लिहिलेल्या खाचेतच आहे ना, ते बघा. रात्री स्फोट मोठे आणि बोलणं बारीक वाटत असेल, तर 'नाइट मोड' वापरा.

नवा संच घ्यायचाच असेल, तर वॉटच्या आकड्याला भुलू नका. पीएमपीओचे हजारो वॉट ही जाहिरातीची करामत. आरएमएसचा आकडा विचारा. ५० वॉटचे १०० केले, तरी फरक अवघा ३ डेसिबलचा. उलट ८७ ऐवजी ९० डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच आवाजाला निम्मे वॉट पुरतात. स्पीकरचे ओहम रिसीव्हरला चालतात का, तेही पाहा. साध्या दिवाणखान्याला ५.१ पुरेसं आहे. जास्त पैसे मधल्या स्पीकरवर घाला. आणि दुकानात स्फोट ऐकू नका. बातम्या किंवा एखाद्या नाटकाचा प्रवेश लावायला सांगा, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला सोबत न्या.

बाबांचे कानही तपासून घेतले. थोडं कमी ऐकू येतं, हे खरंच. पण आम्ही समजत होतो तितकं नाही. ते आता सिनेमा संपेपर्यंत बसतात. परवा म्हणाले, "संवाद काही खास नाहीत रे याचे." मी म्हटलं, "बाबा, ते ऐकू आले ना? मग झालं!"