न चमकणारा चौथा

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लक्षावधी लघुग्रह सूर्याभोवती फिरत आहेत. त्यांपैकी एकाची हकीकत येथे सांगावयाची आहे. आम्ही काही खगोलशास्त्राचे पदवीधर नव्हे. आयुष्य कामगार चळवळीत गेले आणि आकाशाविषयी जे कळले ते वाचनालयातल्या पुस्तकांवरून. परंतु हायजिया नावाच्या या लघुग्रहाची गोष्ट वाचली, तेव्हा ती चार माणसांत बोलावी असे फार वाटले.

१२ एप्रिल १८४९ रोजी इटलीतील नेपल्स येथील वेधशाळेत आनिबाले दे गास्पारिस यांना दुर्बिणीतून हायजिया दिसला. शोधाच्या क्रमाने हा दहावा. आकाराने मात्र तो आज चौथा ठरला आहे. सेरीस, व्हेस्टा आणि पॅलस एवढेच त्याच्याहून मोठे. हायजियाचा व्यास सुमारे ४३० किलोमीटर आहे. त्याच्या आधी, १८४५ साली, टपालखात्यात नोकरी केलेल्या हेंके नावाच्या एका जर्मन हौशी निरीक्षकाने अ‍ॅस्ट्रिया शोधला होता. त्याचा व्यास जेमतेम सव्वाशे किलोमीटरही नाही. हायजियाच्या पोटात असे पन्नासएक अ‍ॅस्ट्रिया सहज मावतील. मग लहानगा आधी सापडला आणि एवढा धिप्पाड मागे राहिला, हे कसे?

याची कारणे दोन. पहिले अंतर. पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर आहे, त्याच्या तिपटीहून थोडा अधिक दूर हायजिया आहे. तो पट्ट्याच्या बाहेरच्या भागात फिरतो आणि एका प्रदक्षिणेला साडेपाच वर्षांहून थोडा अधिक काळ घेतो. तेथे पोहोचणारे ऊन आपल्याकडच्या उन्हाच्या एक दशांश. दुसरे कारण रंग. व्हेस्टावर शंभर भाग प्रकाश पडला तर सुमारे चाळीस भाग तो परत फेकतो. हायजिया जेमतेम सात भाग परत देतो. बाकीचे सारे पोटात घालतो. तो कोळशासारखा काळा आहे. व्हेस्टा कधी कधी नुसत्या डोळ्यांनाही दिसतो, हायजियाला मात्र दुर्बीण लागतेच.

आता कोणी विचारील की, जो नीट दिसत नाही त्याचे माप घेतले तरी कसे? येथे एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. उन्हात काळा पत्रा आणि पांढरा पत्रा शेजारी ठेवले, तर काळाच अधिक तापतो. जो प्रकाश परत दिला नाही तो उष्णता होऊन अंगात राहतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडतो. मोठी पण काळी वस्तू आणि लहान पण चकचकीत वस्तू या दोन्ही सारखाच प्रकाश परत करू शकतील. मात्र त्यांची उष्णता सारखी असणार नाही. १९८३ साली अवरक्त किरण टिपणारी दुर्बीण उपग्रहावर बसवून अवकाशात पाठविली गेली, आणि अशा कित्येक काळ्या लघुग्रहांचे आकार व काळेपणा ठरविता आला. चमक आणि ऊब ही दोन्ही मोजली म्हणजे हिशेब जुळतो.

हा काळेपणा घाणीचा नव्हे. त्यात कार्बनची संयुगे आहेत, आणि पाण्याचा संस्कार झालेली चिकणमातीसारखी खनिजेही आहेत. अशाच जातीचा एक दगड १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडला. त्यात अमिनो आम्ले आढळली, म्हणजे ज्या विटांनी सजीवांची प्रथिने बांधली जातात त्या विटा. हायजियावर आजवर कोणतेही यान गेलेले नाही. परंतु पृथ्वीजवळून फिरणाऱ्या र्‍युगू आणि बेन्नू या दोन लहान काळ्या लघुग्रहांची माती अनुक्रमे २०२० आणि २०२३ साली पृथ्वीवर आणली गेली, आणि तिच्यातही अमिनो आम्ले मिळाली.

२०१९ साली आणखी एक नवल उघडकीस आले. चिलीतील मोठ्या दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रांत हायजिया जवळजवळ गोल दिसला. त्याचा स्वतःभोवती फिरण्याचा काळही पूर्वी मानत असत त्याच्या निम्मा, १३.८ तास, ठरला. हायजियाच्या गोतावळ्यात सुमारे सात हजार लहान लघुग्रह आहेत. ते सारे एका प्रचंड टकरीतून निघालेले, म्हणून त्याच्या अंगावर मोठे खिंडार असेल अशी अपेक्षा होती. ते सापडलेच नाही. गणिताने असे दिसते की, सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वीच्या त्या टकरीत मूळ गोळ्याचे तुकडे तुकडे झाले, आणि त्यांतले बहुतेक आपल्याच गुरुत्वाकर्षणाने पुन्हा एकत्र येऊन हा नवा गोल घडला.

नावाचीही एक गंमत आहे. हायजिया ही ग्रीकांची आरोग्यदेवता; आपण 'हायजीन' म्हणतो तो शब्द त्याच मुळाचा. नेपल्सच्या वेधशाळेने मात्र नावापुढे 'बोर्बोनिका' असे शेपूट जोडले, ते राज्य करणाऱ्या बोर्बाँ घराण्याच्या सन्मानार्थ. आदल्याच वर्षी, १८४८ साली, त्या राजाने प्रजेचा उठाव चिरडला होता. ते शेपूट ज्योतिर्विदांनी थोड्याच वर्षांत गाळून टाकले. १८६१ पर्यंत ते राज्यही गेले. हायजिया फिरतोच आहे.

उपमा फार ताणू नये हे आम्ही जाणतो. दगडाला सुखदुःख नसते. तरी एक गोष्ट मनात राहते. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही तो कामगार कारखान्यात नाहीच असे समजणारे हिशेब आम्ही पुष्कळ पाहिले. ते हिशेब करणारे सारेच लबाड नव्हते. पुष्कळांनी फक्त चकाकणारे तेवढे मोजले होते. शास्त्राने आपली ती चूक ओळखली, मोजण्याची रीत बदलली, आणि दहावा चौथा ठरला. हायजिया होता तेवढाच होता, वाढले ते आपले मोजमाप. एखाद्या गोष्टीला लहान म्हणण्यापूर्वी आपण ती कशाने मोजली, एवढे विचारण्याची सवय लागली तरी या काळ्या गोळ्याची ओळख करून घेतल्याचे सार्थक झाले.