मुंब्रा की मीरा रोड? घराआधी मोहल्ला बघा
मुंबईतली खोली पुरेनाशी झाली, मुलं लहान आहेत, की आपली माणसं मुंब्रा-कौसा नाहीतर मीरा रोडचं नया नगर गाठतात. मशीद जवळ, मदरसा गल्लीत, हलाल मटणाचं दुकान खाली. हे हवंच. पण आम्ही बघतो, बहुतेकांची चौकशी इथेच संपते.

४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बेकायदा इमारत कोसळली. ७४ जण गेले, त्यात लहान मुलंही होती. बांधकाम अजून चालूच होतं, तरी खाली कुटुंबं राहत होती. म्हणून भाड्याने घेत असाल तरी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मागायला लाजू नका. ‘सगळे राहतातच की’ हे एजंटचं उत्तर आम्हाला तरी पुरत नाही.

शाळेचंही बघा. आरटीईच्या २५ टक्के मोफत जागांसाठी घरापासूनचं अंतर मोजतात, आणि अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू नाही. म्हणजे ‘आपली’ शाळा दारात असली तरी ती मोफत जागा तिथे मिळायची नाही.

आणि हो, फ्लॅट रविवारी दुपारी बघू नका. कामाच्या दिवशी सकाळी आठला, बाळ कडेवर घेऊन स्टेशनपर्यंत चालून बघा. पाणी किती वाजता येतं ते खालच्या मजल्यावरच्या खालांना विचारा, एजंटला नको.